गुणांची पारख आणि कष्टांची कदर

वार्षिक पारितोषिक वितरण हा आपल्याकडील बहुतेक शाळांतील आनंदाचा सोहळा होय. व्यासपीठावर चषक मांडलेले असतात, पाहुण्यांचे भाषण होते, आणि वर्गात पहिला, दुसरा व तिसरा आलेल्या विद्यार्थ्यांची नावे पुकारली जातात. चाळीस मुलांच्या वर्गात तिघांचा गौरव होतो आणि उरलेली सदतीस मुले टाळ्या वाजवितात. पुढील वर्षी पुकारली जाणारी नावेही बहुधा त्या तिघांचीच असतात. हे पाहून अनेक पालकांच्या व शिक्षकांच्या मनात एक प्रश्न उद्भवतो: शाळेने बक्षीस कशाला द्यावे, यशाला की प्रयत्नाला?

यशाचा कैवार घेणाऱ्यांचे म्हणणे असे, की व्यवहारात अखेर फळच पाहिले जाते. वैद्याने किती परिश्रम केले हे रोगी विचारीत नाही. आपल्याला गुण आला की नाही, एवढेच तो पाहतो. केवळ धडपडीला बक्षीस मिळू लागले, तर उत्तम आणि सामान्य यांतील भेदच नाहीसा होईल. प्रयत्नाचा कैवार घेणाऱ्यांचे उत्तरही तितकेच सबळ आहे. एकाच परीक्षेला बसणारी मुले एकाच ठिकाणाहून निघालेली नसतात. एकाच्या घरी पुस्तकांचे कपाट आणि शिकविणारे आईवडील असतात; दुसरी मुलगी पाणी भरून, धाकट्या भावंडाला सांभाळून शाळेत येते. त्याचे ऐंशी गुण आणि तिचे साठ गुण कागदावर जेवढे दूर दिसतात, तेवढे ते खरोखर दूर असतात काय?

या वादाकडे केवळ तर्काने पाहण्याचे आता कारण नाही, कारण त्याची प्रत्यक्ष परीक्षा झालेली आहे. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ रोलंड फ्रायर यांनी तेथील काही शहरांतील शाळांतून मुलांना रोख बक्षिसे देऊन पाहिली आणि २०११ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. न्यूयॉर्कमध्ये चाचणीतील गुणांवर पैसे दिले; त्याने मुलांची प्रगती वाढल्याचे आढळले नाही. डॅलसमध्ये मात्र दुसरीच्या मुलांना पुस्तक वाचून त्यावरील लहानशा चाचणीत उत्तीर्ण झाल्यावर दर पुस्तकामागे २ डॉलर दिले. तेथे इंग्रजीतून परीक्षा देणाऱ्या मुलांचे वाचनाचे आकलन सुधारले. याचे कारण मोठे उद्बोधक आहे. अधिक गुण मिळविण्यासाठी काय कराल, असे न्यूयॉर्कच्या मुलांना विचारले असता त्यांनी प्रश्न नीट वाचू, उत्तरे पुन्हा तपासू, अशा परीक्षेतील युक्त्या सांगितल्या. अधिक अभ्यास करू किंवा शिक्षकांना शंका विचारू, असे क्वचितच कोणी म्हटले. बक्षीस हवे होते, परंतु त्याकडे जाणारी वाट त्यांना ठाऊक नव्हती. डॅलसच्या मुलांना ती वाट दाखविलेली होती: पुस्तक उघडा आणि वाचा.

शाबासकीचीही अशीच कथा आहे. १९९८ साली क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी पाचवीच्या मुलांना काही कोडी सोडविण्यास दिली. काहींना ‘तू हुशार आहेस’ असे म्हटले, तर काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ असे. पुढे कठीण कोडी देऊन अपयश येऊ दिले, तेव्हा हुशारीची स्तुती ऐकलेली मुले लवकर खचली. मेहनतीची स्तुती ऐकलेली मुले अधिक काळ टिकून राहिली.

तथापि एवढ्यावरून बक्षीस प्रयत्नालाच द्यावे, असा निकाल देणे घाईचे होईल. केनियातील बुसिया जिल्ह्यात २००१ साली सहावीच्या मुलींसाठी एक शिष्यवृत्ती सुरू झाली. परीक्षेत वरच्या १५ टक्क्यांत येणाऱ्या मुलींनाच ती मिळे, म्हणजे ती शुद्ध यशाची शिष्यवृत्ती होती. परंतु ज्यांना ती मिळण्याचा संभव फारसा नव्हता, अशा मुलींचेही गुण वाढले. यशाचा मान खरा असेल आणि सर्वांसमोर खुला असेल, तर तोही वर्ग जागा करतो.

आपल्या देशाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. महाराष्ट्रात १९९२ साली दुर्बल घटकांतील मुलींसाठी दररोज १ रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. मुलगी शाळेत यावी, हा त्याचा हेतू स्तुत्य होता. परंतु वर्गात बसणे म्हणजे शिकणे नव्हे. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या जवळजवळ निम्म्याच मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. उरलेल्या अर्ध्या मुलांना ‘तू प्रयत्न केलास, छान’ असे सांगून वर ढकलणे ही दया नव्हे, ती फसवणूक आहे. त्या मुलाला वाचता येत नाही, हे सत्य कोणीतरी प्रेमाने आणि वेळेवर सांगितले पाहिजे.

म्हणून आमच्या मते दोन कामे वेगळी ठेवावीत. गुण हे मोजमाप आहे, आणि मोजमापात दयेला स्थान नाही. तापमापकाने रोग्याच्या समाधानासाठी ताप कमी दाखवू नये, तसेच प्रगतिपत्रकाने खोटे बोलू नये. बक्षीस हे मात्र प्रोत्साहन आहे. ते मुलाच्या हाती असलेल्या आणि डोळ्यांना दिसणाऱ्या कामाला मिळावे. महिन्यात पाच पुस्तके वाचून त्यांची गोष्ट वर्गाला सांगणे, चुकलेली गणिते पुन्हा सोडवून आणणे, मागे पडलेल्या सोबत्याला पाढे शिकविणे, पहिल्या चाचणीपेक्षा दुसरीत पुढे जाणे, या गोष्टी चाळीसांपैकी कोणालाही साधतील. ‘पुष्कळ कष्ट केले’ अशा मोघम प्रशस्तीला मात्र मुलेही फसत नाहीत.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रगतिपत्रकात शिक्षकांच्या मूल्यमापनाबरोबर मुलाचे स्वतःचे आणि सोबत्यांचे मूल्यमापनही असावे, असे सुचविले आहे. परंतु कागद बदलल्याने दृष्टी बदलतेच असे नाही. तिचा आरंभ घरातच झाला पाहिजे. निकाल हाती येताच ‘वर्गात कितवा?’ असे विचारण्याऐवजी ‘मागच्या वेळी जे येत नव्हते, त्यातले आता काय येते?’ असे आईवडिलांनी विचारून पाहावे. उत्तर ‘काहीच नाही’ असे आले, तर रागावण्यापेक्षा मुलाजवळ बसून अडले कोठे ते शोधावे. आणि ज्या गोष्टीची गोडी मुलाला आपण होऊन लागली आहे, तिला बक्षिसाचे आमिष लावू नये. चित्रे काढण्यात रमलेल्या मुलाला रंग आणि कागद मिळाले, की त्याचे बक्षीस त्याला मिळालेच.

पहिल्या येणाऱ्या मुलाचा चषक कोणी काढून घेऊ नये. तो त्याने मिळविलेला आहे. परंतु टाळ्या वाजविणाऱ्या सदतीस मुलांपैकी प्रत्येकाला, आपण काय केले असता आपलेही नाव पुकारले जाईल, हे ठाऊक असले पाहिजे. ज्या शाळेत हे ठाऊक असते, तेथे यश आणि प्रयत्न यांचे वैर उरत नाही.