हसूरच्या डॉक्टरांचं शिकाऊ विमान

मंडळी, नवा गोऱ्हा औताला शिकवायचा तर आपण काय करतो? जाणत्या बैलाच्या जोडीला जुंपतो. तो बिचकला, तास सोडून गेला, तरी जोडीदार त्याला ओढून धरतो. विमान शिकण्याचीही रीत तीच. शिकाऊ विमानात बसायला जागा दोन आणि चालवायचे दांडे-पायटेही दोन. पोराचा हात चुकला की गुरू आपल्या जागेवरून सावरतो.

असं भारतीय आराखड्याचं पहिलं विमान म्हणजे एचटी-२. ते आखणाऱ्या पथकाचे प्रमुख होते डॉ. विष्णू माधव घाटगे. जन्म १९०८ चा, गाव गडहिंग्लजजवळचं हसूरचंपू. जर्मनीत ग्योटिंगेन इथं लुडविग प्रांटल या नामांकित शास्त्रज्ञांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली आणि विद्या घेऊन मायदेशी परतले. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये बेंगळुरूला विमानांचा कारखाना काढला होता. तिथंच हे काम झालं.

तोवर आपली पोरं टायगर मॉथवर शिकत. ते इंग्रजी बनावटीचं, एकावर एक दोन पंखांचं आणि कापड ताणून बसवलेलं. एचटी-२ चे पंख एकेरी आणि अंग सगळं धातूच्या पत्र्याचं. इंजिन १५५ अश्वशक्तीचं, तेवढं मात्र इंग्लंडहून आणावं लागे. ऑगस्ट १९५१ मध्ये कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी ते पहिल्यांदा आकाशात नेलं. पुढं दीडशेहून अधिक विमानं बांधली गेली. त्यांतली बारा आफ्रिकेतल्या घानाला गेली. ज्या देशाला कालपर्यंत सगळं बाहेरून घ्यावं लागे, त्यानं दुसऱ्याला विमान दिलं!

या विमानानं लढाई मारली नाही, की बाँब टाकला नाही. हवाई दलाच्या कित्येक तुकड्यांनी पहिली झेप मात्र त्याच्यावर घेतली. १९८० च्या दशकात दीपक नावाचं नवं विमान आलं आणि एचटी-२ ची सेवा संपत आली. बहुतेक मोडीत गेली. थोडी उरली, त्यातलं एक बेंगळुरूला एचएएलच्या संग्रहालयात ठेवलं आहे. डॉ. घाटगे १९९१ मध्ये गेले.

लढाऊ विमानाचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. पहिली अक्षरं गिरवून घेणाऱ्या गुरुजींची आठवण मात्र उशिरा येते, तसंच हे. बेंगळुरूला जाणं झालं तर पोराबाळांना ते दाखवा. आणि सांगा, ज्या माणसानं हे आखलं, तो आपल्यासारख्याच एका खेड्यात जन्मला होता.

आणखी एक. तुमच्या माळ्यावर आजोबांची पाभर धूळ खात पडली असेल. भंगारवाल्याच्या काट्यावर ती चढवण्याआधी एकदा खाली काढा. ती कुणी केली, तिच्यावर कोण कोण पेरायला शिकलं, एवढं तरी नातवाला सांगून ठेवा.