अठराव्या वर्षी निकाल लावू नका

एडमंटनमध्ये हॉकीचा विषय निघाला की कधी ना कधी नेल याकुपोव्हचं नाव येतंच, आणि कुणीतरी लगेच म्हणतं, ‘पोरगा वाया गेला.’ मी मूळची सांगलीची. लग्नानंतर या शहरात आले. माझा मुलगा इथल्याच रिंकवर स्केटिंग शिकला, आणि त्याच्या संघाचे सामने असले की मी घड्याळ सांभाळायला बसते. त्यामुळे हे वाक्य गॅलरीत, ऑफिसात, शेजाऱ्यांच्या गप्पांत सतत कानावर पडतं. मला ते मान्य नाही. त्या पोराला वाया घालवलं गेलं. ज्या पद्धतीने घालवलं, ती आजही चालू आहे, म्हणून हे लिहिते आहे.

इथे हॉकी म्हणजे बर्फावरची. नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, ही या खेळातली जगातली सर्वांत मोठी लीग. तिचे 32 संघ दर वर्षी ‘ड्राफ्ट’ करतात, म्हणजे खालच्या स्पर्धांत खेळणाऱ्या मुलांना क्रमाक्रमाने निवडतात. यातली बहुतेक मुलं 18 वर्षांची असतात. कोणत्या संघाकडे जायचं, हे मुलाच्या हातात नसतं. आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघांमध्ये सोडत निघते आणि पहिला नंबर बहुधा त्यांच्यातल्याच कुणाचा तरी लागतो. दुबळ्या संघाला उभारी मिळावी, हा त्यामागचा हेतू. पण त्यामुळे होतं असं, की सर्वांत गुणी मुलगा नेमका अशा संघात जातो जिथे मालकापासून मार्गदर्शकापर्यंत सगळेच अस्वस्थ असतात.

आमचे एडमंटन ऑयलर्स 2010 ते 2012 या काळात असेच तळाला होते. 2010 मध्ये त्यांनी पहिल्या क्रमांकावर टेलर हॉलला घेतलं, 2011 मध्ये रायन न्यूजंट-हॉपकिन्सला आणि 2012 मध्ये याकुपोव्हला. सलग तीन वर्षं पहिली निवड मिळणं ही खरं तर संघाची अवस्था किती वाईट आहे याची खूण होती. शहरात मात्र उत्सव चालला होता.

याकुपोव्ह रशियातल्या तातारस्तानमधल्या निझ्नेकाम्स्क गावचा. सतरा पूर्ण होण्याआधीच तो घर सोडून कॅनडात, आँटॅरिओ प्रांतातल्या सार्नियाला आला. तिथल्या कनिष्ठ संघाकडून पहिल्याच हंगामात त्याने 49 गोल केले. गोलला दिलेली साथही धरतात, त्या हिशेबाने त्याचे 101 गुण झाले आणि स्टीव्हन स्टॅमकोसचा क्लबमधला नवोदितांचा विक्रम मोडला. त्याचा वेग आणि फटका पाहून भल्याभल्या पारख्यांनी त्याच्यावर बोट ठेवलं.

सुरुवातही तशीच झाली. 24 जानेवारी 2013 ला इथल्या रेक्सल प्लेसमध्ये लॉस एंजेलिस किंग्जशी सामना होता. किंग्ज तेव्हाचे विजेते. ऑयलर्स एका गोलने मागे होते आणि घड्याळात 4.7 सेकंद उरले असताना याकुपोव्हने बरोबरी साधली. मग तो हात पसरून, गुडघ्यांवर घसरत, बर्फाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. एकोणीस वर्षांच्या पोराचा तो निखळ आनंद होता. त्यावरही काही जुन्या जाणत्यांनी नाकं मुरडली, की एवढा दिखावा कशाला. संपामुळे नव्हे, तर मालकांनी टाळं लावल्यामुळे अर्ध्यावर आलेल्या त्या हंगामात 48 सामन्यांत त्याने 17 गोल केले आणि नवोदितांमध्ये सर्वाधिक 31 गुणांची बरोबरी केली.

आणि त्यानंतर घसरण सुरू झाली. ज्या राल्फ क्रूगरने त्याला हाताळलं, त्याला हंगाम संपताच संघाने काढून टाकलं. नवा मार्गदर्शक डॅलस ईकिन्स आला, त्याची शिस्त वेगळी, आखणी वेगळी. 2013-14 च्या सुरुवातीलाच याकुपोव्हला सामन्यातून वगळून वर बसवलं. त्या हंगामात त्याचे गोल 11 वर आले, आणि तो बर्फावर असताना संघाने केलेले व खाल्लेले गोल यांचा ताळा उणे 33 निघाला. पुढे ईकिन्सही गेला, मग टॉड नेल्सन आला, त्याच्यानंतर टॉड मॅकलेलन. चार हंगामांत चार मार्गदर्शक, आणि व्यवस्थापक तीन. प्रत्येकाने त्याला नव्याने पारखलं आणि पाया पक्का करायला एकालाही पुरता वेळ मिळाला नाही. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये संघाने त्याला जवळजवळ फुकटात सेंट लुईसला देऊन टाकलं. तिथून तो कोलोरॅडोला गेला आणि 2018 मध्ये रशियात परतला. एनएचएलमधले 350 सामने, 62 गोल, 136 गुण, एवढाच हिशेब त्याच्या नावावर राहिला.

त्याच्यात काहीच उणं नव्हतं, असं मी म्हणणार नाही. पक, म्हणजे या खेळातली रबरी चकती, काठीशी असताना तो वाघ होता, पक दुसऱ्याकडे गेला की चाचपडायचा. मुलांच्या सामन्यांतही घड्याळाच्या खोलीत काचेला नाक लावून बसलं की हा फरक फार स्पष्ट दिसतो. गॅलरीतले आईबाप पकच्या मागे पाहतात. मी बसते तिथून समोरचा पोरगा दिसतो, तो आपल्या गोलकडे परत वळतो आहे की नाही ते दिसतं, आपला बचावपटू पुढे सरकल्यावर त्याची मोकळी जागा कोण भरतं तेही दिसतं. कनिष्ठ पातळीवर ज्याचा फटका जोरदार, त्याची ही चूक झाकली जाते, कारण तो पुढच्या मिनिटाला गोल करून टाकतो. एनएचएलमध्ये समोरचा माणूस तीस वर्षांचा, तेवढाच वेगवान आणि दीडपट अनुभवी असतो. पक ताब्यात आल्यावर विचार करायला क्षणभरही मिळत नाही, विचार पक येण्याआधीच झालेला असावा लागतो. ही समज शिकवता येते. मात्र तिला वेळ लागतो, आणि चुका केल्या तरी उद्या जागा राहील, ही खात्री लागते.

वेळ दिल्याने काय होतं, याचं उदाहरण याच शहरात आहे. 2014 मध्ये ऑयलर्सनी तिसऱ्या क्रमांकावर जर्मनीच्या लिऑन ड्रायसाइटलला घेतलं. त्यालाही आधी घाईने वरच उतरवलं. 37 सामन्यांत त्याने जेमतेम 2 गोल केले, आणि इथल्या लोकांनी ‘हाही तसलाच’ म्हणायला सुरुवात केली होती. पण 2015 च्या जानेवारीत संघाने त्याला कनिष्ठ स्पर्धेत परत पाठवलं. तो ब्रिटिश कोलंबियातल्या केलोनाकडून खेळला, तिथे मेमोरियल कप स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला, पुढच्या हंगामाची सुरुवातही त्याने दुय्यम लीगमध्ये केली, आणि मग वर आला तो कायमचा. 2019-20 मध्ये 110 गुण करून त्याने सर्वाधिक गुणांचा मान मिळवला आणि लीगमधला सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून हार्ट ट्रॉफीही घेतली. याकुपोव्ह दुसऱ्या हंगामात चाचपडत होता, तेव्हा त्यालाही खालच्या संघात पाठवून शांतपणे शिकवता आलं असतं. तसं झालं नाही. पहिल्या क्रमांकाच्या मुलाला खाली पाठवणं म्हणजे आपली निवड चुकली अशी कबुली, असं संघांना वाटतं. तो मान जपण्याची किंमत मुलगा भरतो.

याकुपोव्हच्याच 2012 च्या ड्राफ्टकडे पुन्हा पाहा. एकोणिसाव्या क्रमांकावर टँपा बेने आंद्रेई वासिलेव्हस्की हा रशियन गोलरक्षक घेतला आणि त्याला आणखी दोन वर्षं रशियातच खेळू दिलं. तो पुढे 2020 आणि 2021 असे सलग दोन स्टॅनली कप, म्हणजे लीगची विजेतेपदं, जिंकला. कॉनर हेलेबकला विनिपेगने तब्बल 130 व्या क्रमांकावर निवडलं. तो कॉलेजच्या संघात खेळला, मग दुय्यम लीगमध्ये, आणि आज त्याच्या नावावर हार्ट ट्रॉफी आहे. यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष नव्हतं, म्हणून यांना घाई करायला कुणी नव्हतं. गोलरक्षक उशिरा पिकतात हे खरं, पण पुढे खेळणाऱ्यांनाही थोडा अवधी देऊन पाहावा, एवढं तरी यातून शिकता येतं.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असं आपण म्हणतो. हॉकीत पाळण्यात दिसतो तो बहुतेकदा जन्माचा महिना. 1980 च्या दशकात आमच्याच अल्बर्टातल्या लेथब्रिजचे मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली यांनी दाखवून दिलं, की निवडक संघांत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्या मुलांचा भरणा असतो. वयोगटाची रेघ 1 जानेवारीला असल्याने ही मुलं डिसेंबरच्या मुलांपेक्षा जवळजवळ वर्षाने मोठी, उंच आणि जड असतात. 2013 मध्ये आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात आणखी पुढची गोष्ट दिसली. वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेल्या मुलांना ड्राफ्टमध्ये मागे टाकलं जातं, पण पुढे ती आपल्या क्रमांकाच्या मानाने जास्त सामने खेळतात आणि जास्त गुण करतात. म्हणजे पारख्यांची नजर वर्षानुवर्षं एकाच बाजूला चुकते आहे.

सप्टेंबरमध्ये आमच्याकडे लहान मुलांच्या निवडचाचण्या होतात, तेव्हा याची सुरुवात डोळ्यांसमोर घडते. पाठीवर नंबर लावलेली दहा-अकरा वर्षांची पोरं बर्फावर आणि वर पुठ्ठ्यावर कागद लावून बसलेले परीक्षक. जो पोरगा मागे थांबून जोडीदाराची जागा भरतो त्याच्या नावापुढे कुणाचं पेन हलत नाही. जो एकटा पक घेऊन सुसाट जातो त्याच्यापुढे खूण होते. मग त्याला वरची तुकडी मिळते, जास्त सराव मिळतो, चांगला मार्गदर्शक मिळतो, आणि ‘पक एकट्याने न्यायचा’ हा धडा आणखी घट्ट होतो. हाच पोरगा 18 वर्षांचा झाल्यावर आपण म्हणतो, याला पकशिवाय खेळता येत नाही.

पैसा आणि गाजावाजा यांचं ओझं वेगळंच. 1993 मध्ये ओटावाने पहिल्या क्रमांकावर घेतलेल्या अलेक्झांडर देगलला एकही सामना न खेळता पाच वर्षांचा 1 कोटी 22 लाख 50 हजार डॉलरचा करार मिळाला. त्याच्या करारावर एवढं काहूर माजलं, की दोन वर्षांत लीगने नवोदितांच्या पगारावर मर्यादा आणली. देगल 616 सामने खेळला, 327 गुण केले. एरवी ही कारकीर्द वाईट म्हणता आली नसती, पण त्याला मोजायची पट्टीच वेगळी होती. त्याच ड्राफ्टमधला दुसरा, ख्रिस प्राँगर, हॉल ऑफ फेममध्ये गेला, आणि देगल ‘फसलेला’ म्हणून स्मरणात राहिला.

सिडनी क्रॉस्बीने अठराव्या वर्षी 102 गुण केले, मग बाकीच्यांना का जमू नये, असं मला नेहमी विचारलं जातं. क्रॉस्बी एका पिढीत एखादाच होतो. त्याच्या मापाने दर वर्षी नवा पोरगा मोजायचा, हाच तर आजार आहे.

उपाय अवघड नाही आणि नवाही नाही. 1970 च्या दशकाच्या अखेरपर्यंत एनएचएलमध्ये मुलं साधारण विसाव्या वर्षी निवडली जात. मग प्रतिस्पर्धी लीगने कोवळी मुलं उचलायला सुरुवात केली आणि वय 18 वर आलं. ती प्रतिस्पर्धी लीग 1979 मध्येच बंद पडली, घाई मात्र तशीच राहिली. अमेरिकेच्या फुटबॉलमध्ये शाळा संपून तीन वर्षं झाल्याशिवाय खेळाडू घेत नाहीत, बास्केटबॉलने 2006 पासून 19 ची अट घातली. हॉकीने पुन्हा 20 वर यावं. दोन वर्षांत उंची थांबते, जन्ममहिन्याचा फरक विरतो, खेळाची समज येते आणि पारख्यांच्या चुकाही कमी होतात. नुकसान होईल ते फक्त तिकिटं आणि जर्सी विकण्याच्या घाईचं.

तोवर आपल्या हातात आहे ते आपण करू. कॅल्गरी, टोरोंटो, व्हँकुव्हरमधल्या मराठी आईबापांना माझी विनंती आहे: तुमच्या मुलाची वरच्या तुकडीत निवड झाली नाही, तर गाडीत बसल्यावर त्याला त्याचा निकाल सांगू नका, आणि झाली तर शेजाऱ्यांना त्याचं भविष्य सांगू नका. आणि पुढच्या ड्राफ्टनंतर एखाद्या पोराला कुणी ‘फसलेला’ म्हटलं, तर आधी एवढंच विचारा, की त्या संघाने त्याच्या काळात किती मार्गदर्शक बदलले.