पुढचा आकडा नसलेला मणी

वेलचेरीहून तरमणीकडे निघालं की थोड्याच वेळात व्हॉलंटरी हेल्थ सर्व्हिसेसचं रुग्णालय लागतं. डॉ. सुनीती सॉलोमन यांनी 1993 मध्ये वडिलांच्या नावे सुरू केलेली वाय. आर. जी. केअर ही संस्था अनेक वर्षं याच आवारात होती. सुनीतीताई माहेरच्या गायतोंडे, चेन्नईतल्या मराठी घरातल्या. 1986 मध्ये त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिने जमवलेल्या रक्ताच्या नमुन्यांत एचआयव्ही सापडला. भारतातली ती पहिली नोंद. तेव्हा रुग्णाला द्यायला औषधच नव्हतं.

योगायोग पाहा. त्याच वर्षी प्रागचे रसायनतज्ज्ञ अँटोनिन होली आणि बेल्जियमचे एरिक द क्लेर्क यांनी विषाणू रोखणाऱ्या एका नव्या रेणूची माहिती 'नेचर'मध्ये छापली. आज लाखो रुग्ण घेतात ते टेनोफोव्हिर त्याच कुळातलं.

त्याची करामत माळ ओवणाऱ्या बायकांना चटकन कळेल. विषाणू आपली नक्कल उतरवतो ती न्यूक्लिओटाइड नावाचे मणी एकात एक अडकवून. टेनोफोव्हिर हा बनावट मणी: मागचा आकडा फॉस्फरसचा, पुढचा आकडाच नाही! तो माळेत गेला की माळ तिथेच खुंटते. एरवी मण्यातला फॉस्फरस ऑक्सिजनच्या दुव्याने जोडलेला असतो आणि पेशीतली एन्झाइम्स तो सहज छाटतात. होलींनी तो थेट कार्बनला जोडला. तो जोड काही त्यांना तुटेना. पण हा रेणू आतड्यातून रक्तात नीट जाईना, म्हणून त्यावर एक तात्पुरतं आवरण चढवावं लागलं. ते शरीरात गळून पडतं. 2001 मध्ये अमेरिकेत या गोळीला मान्यता मिळाली.

भारतात 2004 पासून सरकारी केंद्रांत एचआयव्हीचे उपचार मोफत मिळू लागले. टेनोफोव्हिर असलेली एकत्रित गोळी दिवसातून एकदाच घ्यायची. मूत्रपिंडावर लक्ष ठेवायला अधूनमधून रक्ततपासणी मात्र हवी, आणि गोळी चुकवायची नाही. वारंवार चुकली तर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो.

हे सांगायला सोपं. वेलचेरीत माझ्या ओळखीच्या एक विधवा बाई राहतात. दिराच्या घरी कुणाला आजार माहीत नाही. बाटली हलवली की गोळ्या खुळखुळतात, म्हणून त्यांनी त्या कापसात गुंडाळून उडदाच्या डब्यात ठेवल्या आहेत. रात्री सगळे मालिका बघायला बसले, की त्या उद्याची डाळ भिजत घालायला उठतात.