कूतचा हिशेब मागायलाच हवा

पानिपताची हार आम्हाला तोंडपाठ. पण पहिल्या महायुद्धातल्या, इराकमधल्या कूत-अल-अमाराचं नाव काढलं की इथे उमरखेडमध्येही तेच ऐकू येतं: ती इंग्रजांची लढाई, आपला काय संबंध? वऱ्हाडातले त्यात होते तरी किती, भरती तर कोकणातली आणि देशावरची! पानिपतावर उमरखेडचे किती होते, हे कधी कुणी विचारलंय का? कूतला संपलेल्या ब्रिटिश हिंदी फौजेच्या सहाव्या डिव्हिजनचं नावच 'पूना डिव्हिजन' होतं आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. एवढा संबंध मला पुरतो.

ही हार नशिबाची नव्हती, ती वरिष्ठांच्या हावेची होती. नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा हाती आलं, इराणच्या तेलाची वाट सुरक्षित झाली. तरी तिथल्या फौजेचा सेनापती जनरल निक्सन याला बगदाद हवं होतं. बोटी अपुऱ्या, डॉक्टर अपुरे, तरीही फौज पुढे रेटली. २२ नोव्हेंबर १९१५ ला बगदादजवळच्या टेसिफॉनला तुर्कांशी लढाई जुंपली आणि या फौजेची चार हजारांहून अधिक माणसं मेली किंवा जखमी झाली. मोडक्या हाडांचे जखमी बिनस्प्रिंगच्या खेचरगाड्यांत घालून नदीवर नेले. त्यांना घेऊन 'मेजिदिया' बोट बसऱ्याला लागली तेव्हा ते आपल्याच घाणीत पडलेले होते. मेजर कार्टर या डॉक्टरने हे लिहून कळवलं, तर वरिष्ठांनी त्यालाच धमकावलं!

माघार घेत या डिव्हिजनचा प्रमुख जनरल टाउनशेंड याची फौज ३ डिसेंबरला कूतला पोचली. तुर्कांच्या वेढ्यात उपाशी राहून २९ एप्रिल १९१६ ला तिने शस्त्रं ठेवली. खापर फुटलं ते घोड्याचं मांस न खाणाऱ्या हिंदी शिपायांवर. चोर सोडून संन्याशाला फाशी! शिपाई कैदेत वाळवंट तुडवत मेले. टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिला आणि १९१७ मध्ये 'सर' झाला. त्याच वर्षी चौकशी आयोगाने निक्सन, सरसेनापती डफ, व्हाइसरॉय हार्डिंग यांना दोषी धरलं. खटला एकावरही चालला नाही.

बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावं कोरली, हिंदी शिपायांची पलटणीखाली नुसती संख्या. हा अपमान इंग्रजांनी केला, पण शंभर वर्षं तो मुकाट चालवून घेतला आपण. महाराष्ट्राच्या इतिहासाच्या पुस्तकात कूतचा पूर्ण धडा हवा. त्यात शौर्य सांगा, पण ते कुणी वाया घालवलं, हेही नावानिशी सांगा.