निष्ठा म्हणावे की निरुपाय?

२०२५ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात देशातील विमानवाहतूक कोलमडली. इंडिगो या सर्वांत मोठ्या कंपनीची उड्डाणे शेकड्यांनी रद्द होऊ लागली. ५ डिसेंबर या एकाच दिवशी हा आकडा हजाराच्या वर गेला. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले होते. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर आली होती, रात्री किती वेळा विमान उतरवायचे यावर मर्यादा पडली होती, आणि या नियमांना पुरतील इतके वैमानिक कंपनीपाशी नव्हते. अखेर महासंचालनालयाने कंपनीला त्यांतल्या काही नियमांतून तात्पुरती सूट दिली. त्या दिवसांत सुशिक्षितांच्या बैठकींतून एक प्रश्न वारंवार कानी येत होता : एवढा थकवा येतो, एवढी नाराजी आहे, तर हे लोक नोकरी सोडत का नाहीत? आणि त्याचे उत्तरही प्रश्नाला जोडूनच येत असे : अहो, आकाशाचे वेड असते ते! एकदा लागले की सुटत नाही.

आम्ही हे महागावात बसून लिहीत आहोत. आमच्या यवतमाळ जिल्ह्याला धावपट्टी आहे. २००९ साली नांदेड, लातूर, बारामती आणि उस्मानाबाद येथील धावपट्ट्यांबरोबर तीही एका खासगी कंपनीला दीर्घ मुदतीने देण्यात आली होती. पण नियमित प्रवासी विमानसेवा काही तेथे रुजली नाही. तेव्हा आमचा विमानाशी संबंध मान वर करून पाहण्यापुरताच. तरीही तो प्रश्न आणि ते उत्तर आम्हाला विलक्षण ओळखीचे वाटले. विमानाच्या जागी शेती ठेवा, आकाशाच्या जागी माती ठेवा, की हेच संभाषण आमच्या तालुक्याविषयी गेली कित्येक वर्षे चालू असल्याचे दिसेल. एवढा तोटा होतो, तर हे लोक शेती सोडत का नाहीत? अहो, मातीशी नाळ असते त्यांची! आणि वाचकांपैकी जे तासिका तत्त्वावर मराठी शिकवतात, त्यांच्याविषयी स्टाफरूममध्ये काय बोलले जाते, हे त्यांना आम्ही सांगायला नकोच. तेथे त्या वेडाला 'अध्यापनाची ओढ' असे नाव आहे.

आमचे म्हणणे सरळ आहे. माणूस न आवडणाऱ्या कामात राहतो की ते सोडतो, हे बहुतेक वेळा त्याच्या प्रेमावर वा चारित्र्यावर ठरत नाही. बाहेर पडण्याची किंमत किती आहे आणि ती कोणी ठरवली आहे, यावर ते ठरते. ही किंमत न विचारता राहणाऱ्याला निष्ठावंत आणि सोडणाऱ्याला पळपुटा (किंवा बंडखोर) ठरवणे ही आपल्या समीक्षेला जडलेली वाईट सवय आहे, आणि ती साहित्याच्या वर्गांतून आपणच पुढच्या पिढीला लावत आहोत.

वैमानिकाचे उदाहरण एवढ्यासाठी उपयोगी आहे की त्याच्या बाबतीत ही किंमत कागदावर लिहिलेली असते. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. त्याचा खर्च लाखांत जातो आणि बहुधा घर वा जमीन तारण ठेवून उभा राहतो. परवाना मिळाला म्हणजे कोणतेही विमान चालवता येते असेही नाही. एअरबस ३२० चालवणाऱ्याला बोइंग ७३७ चालवायचे तर वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांत पगार, विमानाचा प्रकार, मुक्कामाचे शहर, सुट्टीचे दिवस हे सारे रुजू झाल्याच्या तारखेवर ठरते. तेथे पंधरा वर्षे काढलेला वैमानिक दुसऱ्या कंपनीत गेला तर यादीच्या तळाशी जाऊन बसतो. पगाराने तो श्रीमंत असेल, पण त्याचे कौशल्य विमानाबाहेर कोठेही विकले जात नाही. असा माणूस नोकरी न आवडूनही राहिला, तर त्याचे कारण शोधायला त्याच्या अंतःकरणात डोकावण्याची गरज नाही. सेवाशर्ती वाचल्या तरी पुरे.

आणि उलट बाजूही पाहावी. २००३ ते २००६ या काळात एअर डेक्कन, स्पाइसजेट, किंगफिशर, गोएअर, इंडिगो अशा नव्या कंपन्या एकापाठोपाठ एक उभ्या राहिल्या. वैमानिक कमी होते आणि मागणारे पुष्कळ होते. लगेच वैमानिक नोकऱ्या सोडू लागले. आकाशाचे वेड तेव्हा ओसरले होते काय? मुळीच नाही, दार स्वस्त झाले होते, एवढेच. मग ते महाग करण्यात आले. २००५ साली महासंचालनालयाने सहा महिन्यांची पूर्वसूचना बंधनकारक केली. २०१७ साली कमांडरांसाठी ती एक वर्षाची झाली. २०२३ साली अकासा या नव्या कंपनीतून ४३ वैमानिक पूर्वसूचनेची मुदत न भरता निघून गेले, तेव्हा कंपनीला न्यायालयात धाव घ्यावी लागली. या साऱ्या व्यवहारात 'वेड' हा शब्द कोणाच्याही कामाला आला नाही. कायद्याला ठाऊक असते की माणूस वेडाने राहत नाही. ते फक्त आपल्याला, वाङ्मयाच्या लोकांना, ठाऊक नसते.

जेट एअरवेजची हकीकत याहून बोलकी आहे. २०१९ च्या आरंभी वैमानिकांचे पगार थांबले. त्यांच्या संघटनेने १ एप्रिलपासून उड्डाण न करण्याचा इशारा दिला, तो १५ एप्रिलपर्यंत पुढे ढकलला, मग पुन्हा ढकलला. आणि १७ एप्रिलला कंपनीच्या शेवटच्या विमानाने उड्डाण केले. कित्येकजण आधीच दुसरीकडे गेले होते. पण जे राहिले ते बिनपगारी विमाने चालवत राहिले. याला निष्ठा म्हणायचे काय? थकलेला पगार बुडण्याची भीती, हप्त्यांचे ओझे, पूर्वसूचनेची अट, एकाच वेळी शेकडो वैमानिक बाजारात आल्यावर उरणारी तुटपुंजी मागणी, आणि आपण आज गेलो व कंपनी उद्या सावरली तर काय, ही शंका. निष्ठाही असेल, आम्ही ती नाकारत नाही. पण ती शेवटी मोजावी, पहिल्यांदा नव्हे.

आता साहित्याकडे येऊ. वैमानिकाच्या 'वेडा'ची दैवतकथा घडवण्यात एका थोर लेखकाचा मोठा वाटा आहे. आंत्वान द सॅंतेक्झुपेरी स्वतः टपालविमाने चालवत असे. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'व्हॉल द न्वी' या कादंबरीत रिव्हिएर हा अधिकारी रात्रीची उड्डाणे चालू ठेवण्यासाठी माणसे पणाला लावतो. हवामानामुळे उशीर झाला तरी तो वैमानिकाचा वक्तशीरपणाचा भत्ता कापतो. आयुष्य तेथेच घालवलेल्या म्हाताऱ्या कारागिराला एका चुकीसाठी दूर करतो. एक वैमानिक वादळात हरवल्यावरही पुढचे विमान थांबवत नाही. कादंबरी सुंदर आहे, याविषयी आमचा वाद नाही. पण आंद्रे जीद यांच्या प्रस्तावनेपासून तिचे बहुतेक वाचन रिव्हिएरच्या कर्तव्यकठोरतेच्या गौरवाचेच झाले आहे. कापलेला भत्ता कादंबरीत स्पष्ट लिहिलेला आहे. तो वाचणाऱ्यांनीच वाचला नाही.

हे परदेशाचे झाले. आपल्याकडे भालचंद्र नेमाडे यांचा चांगदेव पाटील आहे. 'बिढार'पासून 'झूल'पर्यंत हा इंग्रजीचा प्राध्यापक एक गाव सोडून दुसऱ्या गावी, एक महाविद्यालय सोडून दुसऱ्या महाविद्यालयात जात राहतो. त्याच्या या भटकंतीवर आपण किती उत्तरपत्रिका तपासल्या असतील! परात्मभाव, अस्तित्ववादी एकाकीपण, व्यवस्थेला नकार, ही उत्तरे विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात. पण एकाही प्रश्नपत्रिकेत आम्हाला असा प्रश्न आढळला नाही की चांगदेवाला राजीनामा देणे परवडत कसे होते? त्या काळी तालुक्या-तालुक्यांत महाविद्यालये निघत होती, एम. ए. झालेला, त्यातही इंग्रजीचा, माणूस संस्थाचालकांना हवा होता. चांगदेवाचा नकार खरा आहे, पण तो नकार पुढच्या गावच्या नेमणुकीवर उभा आहे. त्याची वेदना याने कमी होत नाही. ती फक्त इतिहासात बसते. आजचा तासिका तत्त्वावरचा सहायक प्राध्यापक चांगदेवाहून कमी संवेदनशील आहे म्हणून वर्षानुवर्षे त्याच कॉलेजात राहतो काय? नेट, सेट, पीएच. डी. झालेल्या त्या माणसाला पुढचे गाव उरलेले नाही. चांगदेवावर व्याख्यान देऊन तो तासांची नोंद करायला कार्यालयात जातो, हा विरोधाभास आमच्या वर्गांत रोज घडतो आणि आम्ही त्यावर बोलत नाही.

सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'ने हे दार उघड दाखवले होते. शिकलेल्या एकनाथाला नोकरी का मिळत नाही, हे ती कादंबरी पैशाच्या भाषेत सांगते. तरीही तिची चर्चा सुरू झाली की आपण 'मातीची ओढ' या ओळखीच्या आसऱ्याला जातो.

ती ओढ खरोखर किती आहे, हे शेतकऱ्यांना विचारण्यात आलेले आहे. २००३ सालच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात देशभरातील शेतकरी कुटुंबांना, शेती आवडते का, असे विचारले गेले. २७ टक्क्यांनी ती परवडत नाही म्हणून आवडत नसल्याचे सांगितले. पर्याय मिळाला तर दुसरा व्यवसाय पत्करू, असे म्हणणारे एकूण ४० टक्के निघाले. मग ते गेले कोठे? २००१ ते २०११ या दोन जनगणनांमध्ये देशातील शेतकऱ्यांची संख्या सुमारे ८६ लाखांनी घटली, आणि शेतमजुरांची मात्र १०.६८ कोटींवरून १४.४३ कोटींवर गेली. म्हणजे शेतकरीपण सुटले तरी शेत सुटले नाही, अशांची संख्या लहान नसावी.

बाहेर पडण्याचे दार येथेही नियमांनी अरुंद केले आहे. विदर्भाच्या १९५८ च्या कूळकायद्यानुसार शेतजमीन बिगरशेतकऱ्याला परवानगीवाचून विकता येत नाही. म्हणजे जमीन विकत घेणारा कोण, तर तिच्यात तोटा सोसणारा दुसरा शेतकरी. या तरतुदीमागचा हेतू वाईट नव्हता. धनवंतांनी गरिबांच्या जमिनी गिळू नयेत, हा विचार आम्हालाही मान्य आहे. वैमानिकाच्या पूर्वसूचनेमागेही प्रवाशांची सोय आहेच. पण दोन्हीकडे घडते ते एकच : लोकहितासाठी दार महाग केले जाते आणि त्या महागाईचा सगळा भार आत असलेल्या माणसावर पडतो. मग त्या माणसाच्या राहण्याला आपण वेड, नाळ, ओढ अशी नावे देतो. नावे गोड असली की बिल कोणी मागत नाही.

कोणी म्हणेल, लाखांत पगार घेणाऱ्या वैमानिकाशेजारी कोरडवाहू कापूसवाल्याला बसवणे हा असभ्यपणा आहे. दुःखांची तुलना आम्ही करतच नाही. ती करणे खरोखरच असभ्य ठरेल. आम्ही तुलना करतो ती दोघांविषयी वापरल्या जाणाऱ्या शब्दांची. वैमानिकाला संघटना आहे, वकील आहे, त्याच्या दाराची किंमत छापील आहे. शेतकऱ्याची किंमत सातबारा, सोसायटीचे कर्ज, सावकाराची वही, मुलीचे लग्न यांत विखुरलेली आहे, आणि ती एकत्र मांडण्याचे काम ज्यांच्याकडे भाषा आहे त्यांचे होते.

महागाव तालुक्यात बसून हे लिहिणाऱ्याला एक तारीख टाळता येत नाही. १९ मार्च १९८६ रोजी चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह पवनारजवळ जीवनाचा शेवट केला. राज्यातील पहिली उघड झालेली शेतकरी आत्महत्या म्हणून ती ओळखली जाते, आणि २०१७ पासून त्या दिवशी ठिकठिकाणी अन्नत्याग करून तिचे स्मरण केले जाते. त्या कुटुंबाविषयी आजवर दोन प्रकारचे लेखन झाले : एक 'खचलेल्या मना'चे, दुसरे 'मातीसाठी दिलेल्या बलिदाना'चे. आम्हाला दोन्ही अमान्य आहेत. त्या सहांत मुले होती. त्यांनी काही निवडलेले नव्हते, म्हणून बलिदान हा शब्द तेथे उच्चारूच नये. आणि मनाकडे बोट दाखवण्यापूर्वी, बाहेर पडण्याचे इतर कोणते मार्ग त्या माणसासमोर उघडे होते, हे विचारणे आपले कर्तव्य होते. ते आपण चाळीस वर्षे पुढे ढकलले आहे.

तेव्हा शिक्षक मित्रांना आमची विनंती एवढीच आहे. पुढच्या सत्रात 'बिढार' किंवा 'बारोमास' शिकवताना, पात्र का राहिले आणि का गेले या प्रश्नाआधी एक साधा प्रश्न फळ्यावर लिहावा : त्याला जायला किती पडले असते, आणि ते कोणी ठरवले होते? उत्तरे शोधताना विद्यार्थ्यांना सातबारा, सेवाशर्ती, शासननिर्णय उघडावे लागतील. कोणी म्हणेल, हे वाङ्मयाबाहेरचे आहे. म्हणू द्यावे. वर्गात बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरी तो सातबारा आहे, आणि शिकवणाऱ्यांपैकी अनेकांची नेमणूक सत्राअखेर संपणार आहे.