दम वाढत नाही, दम लागल्याचे कळत नाही

अजिंठा लेणी पाहायला येणाऱ्यांची वर्दळ फर्दापूरच्या टी-जंक्शनवर सुरू होण्याआधी, पहाटेच्या अंधारात, रस्त्याच्या कडेने मुले धावत असतात. सोयगाव, सिल्लोड, जामनेर, कुठेही जा, चित्र हेच. शेती पावसाच्या भरवशावर, आणि पोलीस भरती ही नोकरीची त्यातल्या त्यात सरळ वाट. शिपाई पदाच्या मैदानी चाचणीत ५० पैकी २० गुण एकट्या १६०० मीटर धावण्याला आहेत. मुलींना ८०० मीटर. काही सेकंदांनी गुण जातात आणि एका गुणाने अख्खे वर्ष. त्या सेकंदांवर डोळा ठेवून ‘स्टॅमिना’ विकणारे कमी नाहीत.

त्यांच्याकडच्या मालात सध्या सर्वांत घातक म्हणजे मेफेंटरमाइन सल्फेटचे इंजेक्शन. हे औषध मुळात शस्त्रक्रियागृहातले. पाठीत भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब घसरला, तर भूलतज्ज्ञ ते मोजून देतात आणि नजर मॉनिटरवर ठेवतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. तरीही व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांना ते चोरून विकणाऱ्यांना पुण्यासह राज्यात अनेक ठिकाणी पोलिसांनी पकडले आहे. व्यायामशाळेपासून धावण्याचे मैदान काही लांब नसते.

रेणूच्या रचनेत मेफेंटरमाइन हे मेथअँफेटामाइनचे जवळचे भावंड. ते मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेले नॉरअॅड्रिनलिन एकदम बाहेर सोडायला लावते. हृदय जोरात धडधडते, रक्तदाब चढतो, मेंदूला तरतरी वाटते. साठा रिकामा झाला की त्याच मात्रेचा परिणाम उतरतो, म्हणून पुढची मात्रा मोठी होते. मग झोप उडते, संशयी स्वभाव बळावतो, सवय सुटत नाही. एकच सुई दोघा-तिघांनी वापरली, तर कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही यांचा धोका वेगळाच.

पण खरा घोटाळा उन्हात होतो. बेल्जियममधील संशोधकांनी २००८ मध्ये सायकलपटूंवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांना मेथिलफेनिडेट हे दुसरे उत्तेजक देण्यात आले होते. १८ अंश तापमानात त्याचा काही फायदा दिसला नाही. ३० अंशांत मात्र ते जास्त वेगाने सायकल चालवू शकले. मात्र त्यांच्या शरीराचे तापमान ४० अंशांपलीकडे गेले आणि दमल्याची जाणीव मात्र नेहमीइतकीच राहिली! स्नायूंत नवी ताकद आली नव्हती. ‘आता थांब’ असे सांगणारी मेंदूची घंटा तेवढी बंद पडली होती. हे प्रयोग ३० अंशांचे. आपल्याकडचा मे महिना चाळिशी ओलांडतो.

ही घंटा बंद पडली की काय होते, ते जगाने १३ जुलै १९६७ रोजी पाहिले. टूर द फ्रान्स शर्यतीत माँ व्हाँतूचा चढ रणरणत्या उन्हात चढताना ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्पसन कोसळला. त्याला उठवून पुन्हा सायकलवर बसवले. थोडे अंतर जाऊन तो पुन्हा पडला आणि दगावला. त्याच्या शरीरात अँफेटामाइन आणि मद्य सापडले. आता फर्दापूरहून अजिंठ्याकडे जाणारा घाट डोळ्यांसमोर आणा आणि त्यावर सराव करणारा वीस वर्षांचा मुलगा.

तर मग चहासुद्धा बंद करायचा का, असे कोणी विचारेल. कॅफीनही उत्तेजकच, खरे आहे. पण टपरीवरचा कटिंग आणि शिरेतून घेतलेले इंजेक्शन यांना एका तागडीत तोलण्यात अर्थ नाही. एनर्जी ड्रिंकची गोष्ट मधली. लिटरला ३०० मिलिग्रॅम ही कॅफीनची कमाल मर्यादा आहे, म्हणजे २५० मिलिलिटरच्या डब्यात ७५ पर्यंत. सरावाआधी लागोपाठ तीन डबे रिचवणाऱ्याने हा गुणाकार करावा.

माझ्या मते या मुलांना तुरुंगाची भीती घालून फारसे साधणार नाही. विकणाऱ्यांना जरूर घालावी. भरतीच्या मैदानावर खेळाडूंसारखी, आधी जाहीर करून, काही उमेदवारांची उत्तेजक चाचणी नेमाने व्हायला हवी. शेजारच्याने सुई घेतली आणि आपण मागे पडलो, ही धास्तीच मुलांना त्या वाटेला ढकलते. तपासणी होणार हे ठाऊक असले, तर न घेणाऱ्याला धीर येतो. मैदानी चाचणी थंडीच्या दिवसांत ठेवणे तर त्याहून सोपे. २०२४ ची चाचणी १९ जूनला सुरू झाली, म्हणजे निर्णायक सराव ऐन उन्हाळ्यात. जून काही पंचांगात लिहिलेला मुहूर्त नव्हता.

आणि सरावात कोणी कोसळलाच, तर त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. छत्रपती संभाजीनगर इथून शंभरएक किलोमीटर आहे, तेव्हा अंग गार करायचे काम रुग्णवाहिकेची वाट पाहत थांबवू नका. त्याने काही टोचून घेतले असेल, तर सोबत्यांनी ते डॉक्टरांना लगेच सांगावे, रिकामी बाटली सापडली तर तीही दाखवावी.