अंगण आणि पाऊल

शिकाऊ मुलाला लाकडी क्लॅरिनेट केव्हा घेऊन द्यावे? ‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण आम्ही मराठीचे मास्तर अशा वेळी चटकन तोंडावर फेकतो. पण कधी कधी अंगणही वाकडे असते. ते ओळखता आले पाहिजे.

आवाज बराचसा माउथपीस आणि रीड यांवर ठरतो. ती आधी चांगली आणावीत. खर्च थोडा, फरक मोठा. लाकूड टांझानिया-मोझांबिककडचे, काळे, जड आणि लहरी. हवा बदलली की फुगते, आकसते, प्रसंगी तडकते. नवे असताना रोज थोडाच वेळ वाजवावे लागते. प्लॅस्टिकला असली पथ्ये नाहीत. उन्हापावसात तेच बरे.

माझ्या मुलीने लाकडीचा हट्ट धरला, तेव्हा मी तिच्या गुरुजींना तिचेच वाद्य वाजवून दाखवायची विनंती केली. त्यांच्या फुंकरीसरशी ते गोड बोलू लागले. मुलीचा चेहरा उतरला. पण त्या दिवसापासून रियाज वाढला.

तेव्हा पालकहो, खालच्या स्वरांतून वरच्या स्वरांत जाताना आवाज फाटत नाही, रियाजासाठी हाक मारावी लागत नाही आणि गुरुजींच्या हातातही ते वाद्य अपुरे पडते, असे झाले की पैशाकडे पाहू नये. मग खुशाल समजावे, अंगणच वाकडे!